भाची चालली आखेनला: कमी कचऱ्याच्या बॅगेच्या नोंदी

20 एप्रिल 2025

भाचीची जर्मनीतली ॲडमिशन पक्की झाली, आखेन, मास्टर्स, ऑक्टोबरपासून. ताईकडे लगेच यादी सुरू झाली आणि बघता बघता ती चार पानांवर गेली, रेडी-टू-ईटची पाकिटं, नवीन जॅकेटं, ब्लँकेट, वर "पहिले काही दिवस तरी लागतीलच ना" म्हणून डिस्पोजेबल प्लेटीसुद्धा. पोरीचं म्हणणं वेगळं. तिला तिथे कमी विकत घेऊन, कमी फेकून राहायचंय. इंदूरची आहे, लहानपणापासून कचरा गाडीत ओला-सुका वेगळा टाकत आलीये, त्यामुळे हे खूळ नवीन नाही. तिने बॅगेचं काम माझ्यावर टाकलं कारण मी घरी शिवणकाम करते आणि आख्ख्या सुदामानगरात माझी ख्याती "मावशी काही फेकत नाही" अशीच आहे.

म्हणून ही वही. पुढे कुणाचं पोर जात असेल त्याला उपयोगी पडेल. 23 किलोच्या दोन बॅगा आणि हातातली एक, एवढ्यात बसवायचंय. भाऊजींनी आजच विचारलं की पाण्याचा फिल्टर न्यायचा का. जर्मनीत नळाचं पाणी सरळ पितात, फिल्टर कट.

4 मे

वाळवणं. मे महिन्यातलं इंदूरचं ऊन फुकट आहे तर वापरून घ्यावं, आणि रेडी-टू-ईटची ती चकचकीत पाकिटं प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटवलेली असतात, ते थर सुटे करणं जवळपास अशक्य. म्हणून गच्चीवर मेथी, कांदा, टोमॅटो, गाजर.

मेथी झकास. मोठी जुडी वाळून मूठभर राहते, वजन नाही, वरणात टाकली की काम झालं. (मेथी सावलीत वाळवा, उन्हात काळी पडते.) गाजर ठीक. टोमॅटोनी मात्र डोकं फिरवलं. वरून कडक दिसले म्हणून मिक्सरमधून पूड काढली आणि दोन दिवसांत डब्यात तिचा दगड. आत ओल राहिली होती. दुसऱ्या खेपेला चकत्या पातळ केल्या, मीठ भुरभुरलं आणि वाकवल्यावर कटकन मोडतील इतक्या वाळू दिल्या. पूड केलीच नाही, चकत्याच भरल्या, पूड दमट हवा लगेच ओढते.

कांद्याचं विचारू नका. तीन डबे बदलले तरी कपाटाला वास. तो कांदा आम्हीच आमटीत संपवला.

25 मे

कुकर. हा विषय लोक फार हलक्यात घेतात. घरातला जुना ॲल्युमिनियमचा कुकर "दणकट आहे, दे" म्हणून ताईने बाहेर काढून ठेवला होता. तिथे स्टुडंट्सच्या खोल्यांत शेगडी कुठली असेल काही नेम नाही, कुठे लोखंडी प्लेट, कुठे काळ्या काचेची सिरॅमिक, कुठे इंडक्शन. पहिल्या दोन्हींवर ॲल्युमिनियम चालेल पण इंडक्शनवर अजिबात नाही. तपासायला सोपं, फ्रिजवरचं चुंबक बुडाला लावायचं, चिकटलं तर चालेल. आमच्या कुकरला नाही चिकटलं.

राजवाड्याजवळच्या बर्तन बाजारातून 3 लिटरचा स्टीलचा, इंडक्शन बुडाचा घेतला, 2,150 रुपये. या सगळ्या खटाटोपात नवीन घेतलेली मोठी वस्तू ही एकच. सोबत दोन रबर (गास्केट) आणि एक सेफ्टी व्हॉल्व्ह. हे विसरू नका. कुकर वीस वर्षं टिकतो पण रबर टिकत नाही, आणि आपल्या कंपनीचं त्या मापाचं रबर तिथे कुठे शोधत बसणार, मग एका रबरापायी चांगला कुकर भंगारात जातो.

19 जून

पाऊस आला, वाळवणं बंद. आता शिवणकाम.

कापडी पॅड शिवायला घेतले. वर जुन्या फ्लॅनेलच्या चादरीचे थर, खाली पाणी न झिरपणारं पीयूएल कापड, ते ऑनलाइन मागवलं, मीटरला 480 लागले. पहिला नमुना हौसेने केला, सगळे थर एकत्र धरून मधोमध सुंदर दोन टिपा मारल्या, आणि पाणी ओतून पाहिलं तर बरोबर त्याच टिपेतून गळती. सुई गेली तिथे भोक आलंच ना. मग फ्लॅनेलचे थर आधी आपसात शिवून घेतले आणि पीयूएलला फक्त कडेची टीप. गळती बंद. बोलत नाहीत लोक यावर, पण वापरून फेकायच्या पॅडमध्ये बरंच प्लास्टिक असतं आणि दर महिन्याला ते लागतात, म्हणून लिहितेय.

जोडीला एक मेन्स्ट्रुअल कप, 350 रुपये. तो इथूनच वापरायची सवय कर म्हटलं, परक्या ठिकाणी पहिल्यांदा प्रयोग नको.

13 जुलै

आजपासून रविवारी पोरीची शाळा माझ्याकडे. बटण, हेम, उसवलेली टीप हे सगळं तिला येतंच असं ती म्हणत होती. मग मी तिच्याच बॅगेची बिघडलेली चेन समोर ठेवली.

चेन सरकते पण मागून उघडत जाते, तेव्हा लोक आख्खं जॅकेट टाकून देतात किंवा नवीन चेन लावायला शे-दीडशे देतात. दात नीट असतील तर बहुतेक वेळा खराब झालेला असतो फक्त स्लायडर. वापरून वापरून त्याचे दोन ओठ फाकतात आणि दात नीट दाबले जात नाहीत. बारीक पक्कड घ्यायची, स्लायडर चेनच्या सुरुवातीला आणायचा आणि मागच्या बाजूने एक कड अगदी हलकी दाबायची, मग दुसरी, मग सरकवून बघायचं. जोर केला की स्लायडर तुटतो. तिने पहिला तोडलाच, तडकन. बरं झालं, कारण मग नवा स्लायडर ओवायचा कसा तेही शिकवता आलं, खालचा स्टॉपर काढून, दोन्हीकडचे दात समान धरून. माझ्याकडे उसवलेल्या कपड्यांचे डबाभर स्लायडर आहेत, त्यातले 5 नंबरचे आणि 8 नंबरचे थोडे दिले. वजन काहीच नाही.

पुढे रफू. वाटी उपडी ठेवून त्यावर मोजा ताणायचा, उभे दोरे घालायचे, मग आडवे एकाखालून एकावरून. कंटाळली. पण करते.

17 ऑगस्ट

कपडे. आईने, म्हणजे माझ्या आणि ताईच्या आईने, जुन्या साड्यांची रजई करून ठेवलेली नातीसाठी. प्रेम आहे, मला मान्य, पण काट्यावर ठेवली तर 3 किलोच्या वर भरली. शिवाय अशी जाड रजई तिथल्या थंडीत वाळणार कधी आणि मशीनमध्ये मावणार कशी. आईचं तोंड उतरलं. शेवटी त्याच साड्यांतल्या दोन काढून एक पातळ दुलई केली, 900 ग्रॅम. पांघरूण तिथे सेकंडहँड किंवा जाणाऱ्या स्टुडंटकडून मिळतं.

जॅकेटबद्दल माझं मत स्पष्ट आहे: इथून घेऊ नका. आपल्याकडे मिळतात ती जाड, फुगीर, कोरड्या थंडीची. आखेन पावसाळी गाव, बारीक पाऊस आणि वारा. फुगीर जॅकेट भिजलं की गोळा होऊन बसतं. आतले लोकरी स्वेटर मात्र न्यायचे, घरात होतेच, त्यातल्या दोन स्वेटरांचे कोपर रफू करून घेतले, एक भाऊजींचा लहान करून दिला. वरचं वॉटरप्रूफ तिथे जुनं घेणार.

भाऊजी अजून म्हणताहेत की जुना कोट घालून पोरगी कॉलेजात कशी जाईल. भिया, तिथे सगळेच घालतात!

7 सप्टेंबर

दोन गोष्टी.

एक, तूप. ताईने लोणी साठवून साठवून किलोभर कढवलं होतं. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून येणाऱ्याला दूध आणि मांसाचे पदार्थ सामानात आणायला मनाई आहे, त्यात तूप, पेढे, खवा सगळं आलं. सापडलं तर विमानतळावर कचऱ्यात. ताई ऐकेना, "एवढंसं कोण बघतंय". अडीचशे ग्रॅम बिनमिठाचं बटर आणून पोरीकडून तिच्यासमोरच कढवून घेतलं, दोनशे ग्रॅमच्या आसपास तूप निघालं. बटर तिथे कुठेही मिळतं. तेव्हा कुठे बरणी मागे गेली. कढीपत्त्याची ताजी पानंही नाहीत, त्याला झाडपाल्याचं सर्टिफिकेट लागतं. वाळवून चुरा दिला.

दुसरी, प्लग. व्होल्टेज आपल्यासारखंच, 230, त्यामुळे मिक्सर, चार्जर चालतात, फक्त आपला तीन पिनांचा प्लग तिथे बसत नाही. प्रत्येक वस्तूला वेगळा ॲडॉप्टर घेण्यापेक्षा अर्थिंगवाला एक चांगला ॲडॉप्टर आणि घरातला एक एक्स्टेंशन बोर्ड, बास. लॅपटॉप, फोन, कधीमधी मिक्सर यासाठी. किटली किंवा हीटर त्यावर लावायचा नाही, हे तिच्याकडून दोनदा वदवून घेतलं.

21 सप्टेंबर

उद्या निघते. वजन: एक बॅग 22, दुसरी 17 किलो. ताईला ते 6 किलो रिकामे बघवेनात, रात्री त्यात शेव आणि जीरावन (पोह्यांवर भुरभुरायचा इंदुरी मसाला) भरलं गेलं. जीरावनला माझी हरकत नाही, तिथल्या पोह्यांना ते लागणारच.

प्रवास अवंतिका एक्स्प्रेसने मुंबई, तिथून फ्रँकफर्टची थेट फ्लाइट, पुढे ट्रेन. इंदूरहून दिल्ली, दिल्लीहून आखाती कुठलंतरी शहर असं स्वस्त तिकीट मिळत होतं, पण जितके उतरणं-चढणं तितकं इंधन जास्त. खरं तर या सगळ्या पिशव्या-डबे-रफूने वाचेल त्यापेक्षा एक विमान जास्त खातं. म्हणून पोरीने ठरवलंय की दोन वर्षांत एकदाच घरी यायचं. ताईशी या विषयावर बोलायची सोय नाही सध्या.

5 ऑक्टोबर

पोचून स्थिरावली. चौघांचा शेअर्ड फ्लॅट, सिरॅमिक शेगडी (म्हणजे जुना कुकरही चालला असता, पण पुढच्या घराचं कोण सांगेल).

आजचा फोन सगळा कचऱ्यावर. इंदूरची म्हणून तिला वाटलं यात आपण पास आहोत. आपल्याकडे गाडीत सहा प्रकार, ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, घरगुती घातक, ई-वेस्ट. तिथला हिशोब वेगळा, आणि फ्लॅटमधल्या मुलीने तिला दोनदा डब्यातून वस्तू बाहेर काढून दाखवल्या. तिने सांगितलं तसं लिहिते:

पिवळा डबा म्हणजे प्लास्टिक नाही, पिवळा म्हणजे पॅकिंग. दह्याचा कप जाईल, फुटकी प्लास्टिकची बादली बहुतेक ठिकाणी नाही. कपाचं ॲल्युमिनियमचं झाकण ओढून सुटं करून टाकायचं, नाहीतर तिथलं मशीन ते वेगळं करू शकत नाही. कागद निळ्यात, पण दुकानाची गुळगुळीत पावती आणि तेलकट पिझ्झाचा खोका नाही, ते उरलेल्या कचऱ्यात. काच रस्त्यावरच्या पिंपात, पांढरी, तपकिरी, हिरवी वेगवेगळी, निळी बाटली हिरव्यात. फुटलेला पाण्याचा ग्लास मात्र त्यात नाही, ती काच वेगळ्या तापमानाला वितळते. आणि रविवारी काच टाकायची नाही, आवाज होतो! ओल्या कचऱ्याला "कंपोस्टेबल" लिहिलेली पिशवीही बऱ्याच गावांत चालत नाही, वर्तमानपत्राचा कागद लावायचा.

बाटल्यांवर डिपॉझिट. पाण्या-कोल्ड्रिंकची प्लास्टिक बाटली किंवा कॅन, 25 सेंट. पुन्हा भरायच्या बाटल्या, बिअरची 8, बाकीच्या बहुतेक 15. दुकानातल्या मशीनमध्ये टाकली की चिठ्ठी येते. बाटली चेपायची नाही, मशीन लेबल वाचतं. आपले लोक सवयीने पिरगाळून ठेवतात.

26 ऑक्टोबर

दिवाळी झाली तिची, पाच पोरांनी मिळून पोहे केले म्हणे.

सामान जमवलं. टेबल आणि दिवा रस्त्यावरून, लोक दारासमोर खोक्यात "घेऊन जा" लिहून वस्तू ठेवतात. वॉटरप्रूफ जॅकेट सेकंडहँड दुकानातून 18 युरो, चेन बिघडलेली म्हणून स्वस्त. पक्कड काढली, हलकेच दाबली, चालली. (माझ्या रविवारच्या शाळेची फी वसूल.)

सायकल 85 युरोला ऑनलाइन कुणाकडून तरी घेतली आणि घरी येईपर्यंत मागचा ब्रेक गेला. आखेन चढउताराचं, ब्रेकशिवाय शक्यच नाही. युनिव्हर्सिटीच्या पोरांचं एक सेल्फ-हेल्प वर्कशॉप आहे, हत्यारं तिथली आणि हात आपले, ब्रेकची केबल आणि पॅड मिळून 11 युरो आणि आख्खी दुपार. पुढचा-मागचा दिवा सायकलला तिथे सक्तीचा, त्याचे वेगळे 14. म्हणजे 85 ची सायकल 110 ला पडली, वर कुलूप. जुनी सायकल घेताना विकणाऱ्याकडून सही केलेली चिठ्ठी घ्या, चोरीची निघाली तर दाखवायला काहीतरी हवं.

बस-ट्रेनचा पास सेमेस्टर फीमध्येच, 2025 च्या या सेमेस्टरला महिना 34.80 युरो पडला, देशभर लोकल आणि रिजनल गाड्या चालतात. फास्ट आयसीई त्यात नाही.

23 नोव्हेंबर

दही! यावर तीन आठवडे गेले.

रोजचं दही प्लास्टिकच्या कपात येतं, काचेच्या बरणीतलं डिपॉझिटवालं मिळतं पण महाग. घरी लावू म्हणाली. विरजण म्हणून साधं दही घेतलं, दूध कोमट, रात्री ओट्यावर ठेवलं, सकाळी दूधच. स्वयंपाकघर रात्री 17-18 डिग्री. दुसऱ्यांदा हीटरवर ठेवलं, तर दही फुटून पाणी वेगळं, वर आंबट ढाण. मग व्हिडिओ कॉलवर मी बसले. पोळ्यांचा कॅसरोल तिच्या बॅगेत होता, ताईने घातलेला, मी काढायला सांगितलेला. त्यात आधी गरम पाणी घालून तो तापवला, पाणी ओतलं, बोट पाच-सहा सेकंद बुडवता येईल इतपत गरम दूध त्यात, चमचाभर विरजण नीट फेटून, झाकण, वरून जुना स्वेटर, आणि हलवायचं नाही. आठ तासांनी सुरी उभी राहील असं दही. तेव्हापासून कपाची खरेदी बंद.

कॅसरोलच्या बाबतीत ताई जिंकली, ती आता हे सगळ्यांना सांगते.

पॅड मात्र गेले कपाटात. शिवण चांगली, गळत नाहीत, पण वाळत नाहीत. चौघांच्या बाथरूमला खिडकी नाही, खोलीत वाळत घातले की दोन दिवस. आणि खोलीत कपडे वाळवून भिंतीच्या कोपऱ्यात काळी बुरशी यायला लागली, घरमालकाचं पत्र आलं. खिडकी किंचित तिरकी उघडी ठेवून काही होत नाही, भिंत थंड होते आणि हीटर वाया. दिवसातून तीन-चारदा हीटर बंद करून खिडकी पूर्ण उघडायची, पाच-दहा मिनिटं, मग बंद. दमट हवा जाते, भिंती गरम राहतात. कपडे आता तळघरातल्या वाळवणाच्या खोलीत. पॅडऐवजी कप, त्याला उकळायला वेगळं छोटं पातेलं 1 युरोला जुन्या बाजारातून.

11 जानेवारी 2026

खाण्याचा हिशोब. तुरीची डाळ एशियन दुकानात महाग, पण लाल मसूर तिथल्या साध्या सुपरमार्केटात असते, ती घ्यायची. कणीक इथून न्यायची गरज नाही, 1050 नंबरचं गव्हाचं पीठ मिळतं, पोळी जरा चिवट पण फुगते. रात्री उरलेलं स्वस्तात देणारं ॲप सगळे सांगतात, 4-5 युरोत पिशवीभर. तिचा अनुभव, बेकरीची पिशवी घेतली तर एवढा पाव की तोच कचरा होतो. आता चौघांत वाटून घेतात, आणि उरलेल्याचा ती फोडणीच्या पोळीसारखा कुस्करा करते. फ्लॅटमधल्या जर्मन पोरीला तो भयंकर आवडलाय. फोडणी देताना दार लावून खिडकी उघडा, पॅसेजमधला स्मोक अलार्म एकदा वाजलाय.

न वापरलेलं: कुरड्या (चुरा झाला), पॅड, टोमॅटोच्या चकत्या निम्म्या. रोज वापरातलं: कुकर, कॅसरोल, मेथी, स्वेटर, शिवणाचा डबा. शिवणाच्या डब्याने तर धंदा सुरू केलाय, मजल्यावरची पोरं बॅगा-जॅकेटं घेऊन येतात, बदल्यात कुणी सायकलचं चाक सरळ करून देतो.

बस-ट्रेनचा पास नुसता घेणाऱ्यांना महिना 58 चा 63 युरो झाला जानेवारीपासून. स्टुडंटचा त्याच्या 60 टक्के असतो, तोही वाढणार.

22 फेब्रुवारी

राजेंद्रनगरमधला एक मुलगा मार्चअखेर त्याच बाजूला चाललाय, त्याची आई कालच येऊन वही वाचून गेली. त्याची यादी निम्मी कापली. डिस्पोजेबल प्लेटी त्यांच्याही यादीत होत्या, कुठून येतं हे सगळ्यांच्या डोक्यात कळत नाही. रजई नाही, जॅकेट नाही, टोमॅटो नाही. कॅसरोल छोटा. त्याला बटण लावता येत नाही, मंगळवारपासून येतोय.

भाचीने त्याच्यासोबत मागवलंय: 8 नंबरचे स्लायडर, कारण गिऱ्हाइकं वाढली, एक कुकरचं रबर शेजारच्या खोलीतल्या मुलासाठी (त्याचा कुकर 5 लिटरचा आहे, माप विचारून घ्यायचंय), आणि जीरावन अर्धा किलो. ताईने किलो बांधलंय.